दिवेलागणीआधी दार

वडनेर भोलजीत रंगराव सुताराच्या दुकानाला पाटी नव्हती. दुकानाचं दार हीच त्याची पाटी. सागवानी, दोन फळ्यांचं, पितळी कडीचं ते दार रंगरावानं स्वतः केलेलं होतं. गिऱ्हाईक आलं की तो बाजूला सरून म्हणायचा, "आधी ढकलून पाहा." करंगळी लावली तरी दार उघडायचं. ज्येष्ठात उघडायचं तसंच भर भाद्रपदातही.

नवी घरं बांधणाऱ्यांच्या मागे रंगराव कधी लागला नाही. नांदत्या घरातलं कुजलेलं दार किंवा मोडकी खिडकी काढायची आणि तिथे नवी बसवायची, हा त्याचा धंदा. हे काम नव्या घरापेक्षा अवघड असतं. नव्या घरात चौकट आधी उभी राहते आणि भिंत तिच्याभोवती चढते. जुन्या घरात भिंत आधीच हट्ट धरून बसलेली असते, तिच्या कलानं घ्यावं लागतं. शिवाय घरात चूल पेटलेली असते, तान्हं झोपलेलं असतं, म्हातारं माणूस बाजेवर पडलेलं असतं. अशा घराला रात्रभर उघडं ठेवून सुतारानं जायचं कसं? म्हणून रंगरावाच्या बापानं एक नेम घातला होता आणि रंगरावानं तो पाळला होता: दिवेलागणीआधी दार. सकाळी जुनं काढलं की सांजवात लागायच्या आत तिथे दार उभं राहिलंच पाहिजे. सांजेला लक्ष्मी येते, तिला नुसतं भगदाड दिसता कामा नये.

गेल्या हिवाळ्यात रंगराव तापानं गेला. दुकान त्याच्या बायकोनं, जनकाबाईनं, चालू ठेवलं. ती जळगाव जामोदच्या सुताराची लेक. लहानपणी लाकडाच्या भुशात खेळलेली, रंध्याच्या आवाजावरून लाकूड ओळखणारी. जोडीला अब्दुल गनी मिस्त्री होता. रंगरावाबरोबर त्याचे केस पांढरे झाले होते. चौकट उभी करायला त्याच्याइतका सावध हात दुसरा नव्हता.

अडचण होती ती उकंडरावाची. उकंडराव रंगरावाचा थोरला भाऊ. नवा महाराष्ट्र होऊन थोडीच वर्षं झाली होती, गावात विजेचे खांब नुकते उभे राहिले होते आणि उकंडरावाच्या डोक्यात पिठाची गिरणी फिरू लागली होती. दुकानाची जागा दोघा भावांच्या नावावर होती. रस्त्यावरची, एसटी थांबते तिथली. गिरणीला ह्याहून चांगली जागा कुठली?

त्या घरची एक रीत होती. सुनेनं थोरल्या दिराशी थेट बोलायचं नाही आणि दिरानंही तिच्याशी नाही. मध्ये तिसरं माणूस लागायचं. दुकानात ते तिसरं माणूस म्हणजे गनीभाई.

"गनी, तिले सांग," उकंडराव भिंतीकडे पाहत म्हणायचा, "दारं-खिडक्या बसवणं बायकी काम नव्हे."

"गनीभाई, भाऊजीले सांगा," जनकाबाई पदर सावरून करवतीकडे पाहत म्हणायची, "लाकडाले बाई का माणूस समजत नाई."

दोघांना एकमेकांचं अक्षर न् अक्षर ऐकू येत असे. तरीही गनीभाईला मान इकडून तिकडे वळवून दोन्हीकडे "सांगतो, सांगतो" म्हणावंच लागे.

असं सगळं चाललं असताना पोळा आला, आणि अर्जुनरावांचं दार अडलं.

अर्जुनराव गावातले वजनदार शेतकरी. ते 'चांगलं' म्हणाले की अर्धं गाव त्या वाटेनं जायचं. त्यांच्या दर्शनी दाराच्या फळ्या रंगरावानं आजारी पडण्याआधी करून ठेवल्या होत्या, आणि वैशाखात जनकाबाईनं आणि गनीभाईनं त्या बसवल्या होत्या. रंगरावाच्या माघारी केलेलं ते पहिलं काम. चौकट मात्र जुनीच ठेवली होती. अर्जुनरावच म्हणाले होते, "आजोबाच्या काळची चौकट हाय, तिले हात लावू नका."

पोळ्याच्या दिवशी झड लागलेली होती. थांबून थांबून चार दिवस पाऊस. शिंगं रंगवलेले, झुली घातलेले बैल दारात उभे राहिले, आत गीताबाई, म्हणजे अर्जुनरावांची आई, पूजेचं ताट घेऊन उभ्या राहिल्या, आणि दार काही उघडेना. आतून ओढलं, बाहेरून खांदा दिला. दार जणू भिंतच झालं होतं. मागच्या दारानं पूजेचं ताट काढत नाहीत. शेवटी गीताबाईंनी खिडकीच्या गजांतून हात काढून बैलांना कुंकू लावलं, आणि पुरणपोळी गजात अडकली ती अडकलीच.

"काय बे, बैल तिकीट काढाले आले काय?" समोरच्या ओट्यावरून कोणीतरी ओरडलं, आणि सगळी आळी हसली.

दुसऱ्या दिवशी अर्जुनराव दुकानात आले. उकंडराव आधीच येऊन बसला होता. अशी बातमी त्याला वाऱ्याआधी लागायची.

"जनकाबाई," अर्जुनराव म्हणाले, "तुह्या दुकानाचं दार फुलावानी उघडते. माह्यं काऊन अडते? दोन्ही रंगरावाच्याच हातचे ना?" त्यांनी जाताजाता दुकानाची फळी बोटानं ढकललीसुद्धा. ती गुपचूप उघडली, तसे ते आणखीच चिडले. "माय म्हणते, बैल खिडकीतून पुजले, आता महालक्ष्म्याही खिडकीतूनच घ्याच्या काय?"

दार का अडलं हे जनकाबाईला कळलं होतं, आणि ते सांगताना दुसऱ्या कोणाला दोष द्यायचा नाही हेही तिनं ठरवलं होतं.

इथे काळ्या मातीचा स्वभाव समजून घ्यायला हवा. आपल्याकडची माती उन्हाळ्यात भेगाळते, तिच्यात हात जाईल इतक्या भेगा पडतात. पावसाळ्यात तीच माती पाणी पिऊन फुगते. तिच्यावर उभं असलेलं घरही मग श्वास घेतल्यासारखं वर-खाली होतं. डोळ्यांना ते दिसत नाही. दाराला मात्र ते पहिल्यांदा कळतं, कारण चौकट जरा तिरपी झाली की फळी तिच्यात मावत नाही. म्हणून रंगराव उन्हाळ्यात बसवलेल्या दाराला वरून बोटभर फट सोडायचा. ती फट पावसाळ्याच्या नावाची. वैशाखात तशी फट जनकाबाईनंही सोडली होती. पण अर्जुनराव म्हणाले, "येथून उजेड दिसते. एवढ्या सागाच्या दारात ही भोकं? पाल येईल, जनावर येईल." मोठं गिऱ्हाईक, पहिलं काम. गनीभाईनं जनकाबाईकडे पाहिलं, तिनं मान हलवली, आणि गनीभाईनं वरून पट्टी ठोकून फट बुजवली. पावसाळ्याची जागा त्यांनी उन्हाळ्यातच देऊन टाकली.

"दार आमच्यानं चुकलं," जनकाबाई म्हणाली. "फट बुजवायले नको होती. तुमी म्हटलं म्हणून बुजवली, पण नाई म्हणणं आमचं काम होतं."

"मंग आता रंधा मारा अन् मोकळे व्हा."

"रंधा मारला तर आज उघडीन. उन्हाळ्यात त्यातून मांजर जाईन. अन् पुढच्या झडीत पुन्हा अडीन. खाली दगड देऊन चौकट नव्यानं उभी केली पाहिजे. आमच्या दुकानाची दगडावर हाय, म्हणून ते दार हलत नाई."

उकंडराव हसला. "गनी, तिले सांग. पोळ्याले गावात शोभा झाली, आता महालक्ष्म्याले घराची भिंत फोडते म्हणावं. अन् हेही सांग. महालक्ष्म्या त्या दारातून आत गेल्या, तर मी गिरणीचं नाव काढत नाई. नाई गेल्या, तर त्याच सांजेले ह्या दुकानाले माह्यं कुलूप. अर्जुनराव साक्षीले हाय."

जनकाबाईच्या हातात रंधा होता. तो तिनं जागेवर ठेवला.

"गनीभाई, भाऊजीले सांगा. कबूल."

गनीभाई ह्या खेपेला "सांगतो" म्हणायला विसरला.

मातीची भिंत पावसात उकलता येत नाही, म्हणून त्यांना झड उघडायची वाट पाहावी लागली. पोळ्याची झड सरली, गणपती बसले आणि पुन्हा झड लागली. जनकाबाई रोज सकाळी आभाळाकडे पाही. मग दुकानात येऊन त्या दिवशी होईल तेवढं काम करी. दगड घडवून ठेवले. खुंट्या तासून ठेवल्या. भिंतीवर टांगलेली सासऱ्याची कामटी खाली काढून पुसली. कामटी म्हणजे बांबूची लांब चिरफळी. तिच्यावर दाराच्या उंची-रुंदीच्या खाचा पाडलेल्या असतात. त्या घराण्यात दर्शनी दार कोणाचंही असो, ह्याच कामटीवरून व्हायचं. अर्जुनरावांच्या आजोबांची चौकट तिच्यावरूनच झाली होती, आणि पुढे रंगरावाच्या दुकानाचीही.

महालक्ष्म्या यायच्या दिवशीच पहाटे झड उघडली. ऊन पडलं.

"वहिनी," गनीभाई पहार खांद्यावर घेत म्हणाला, "अल्लानं सूर्य दिला. पन लय उशिरा दिला."

"दिला ना? चला मंग."

अर्जुनरावांच्या घरी तोवर मखर उभं राहिलं होतं. गीताबाई मागच्या दारानं आत-बाहेर करत होत्या. उंबऱ्यापासून देवघरापर्यंत काढायच्या पावलांसाठी त्यांनी रांगोळी भिजवून ठेवली होती. पण पावलं काढायची कुठून? दार बंद.

"जनके," त्या म्हणाल्या, "सांजेले महालक्ष्म्या येतीन. त्यायले बाहेर उभं करू नको बाई."

"नाई करत, मामी."

गनीभाईनं आधी वरची पट्टी उचकटली, मग फळ्या उतरवल्या. भिंतीची माती हळूहळू, हातानं मोकळी केली. आळीतली माणसं ओट्यावर जमली होतीच. "आता महालक्ष्म्यालेही तिकीट लागीन," म्हणून एकजण बोलला. जनकाबाईनं मान वर केली नाही. चौकट सुटली तशी दोघांनी ती बाजूंनी धरून उचलली, आणि खाली दोन्ही पाय तसेच जमिनीत राहून गेले. लाकूड कसलं, ओला भुसा. आपल्या खाऱ्या जमिनीची ओल वरून दिसत नाही, ती आतून खाते. आजोबांच्या काळची चौकट बाहेरून रंगवलेली, ताठ उभी होती, आणि आत कित्येक वर्षांपासून पोकळ झाली होती.

गनीभाई भिंतीला टेकून खाली बसला. "वहिनी, पाय गेले. ही आता उभी राहत नाई."

"नवी केली तर?"

"लाकूड चिराले दोन दिवस. खाचा, सांधे, वेगळे."

अर्जुनराव आतून आले. भिंतीतलं ते भगदाड, त्यातून सरळ रस्त्यावरून दिसणारं मखर आणि जमिनीवर पडलेली आजोबांची चौकट पाहून त्यांचा चेहरा उतरला. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "बुरं झालं, जनकाबाई." आणि आत गेले.

सूर्य डोक्यावर आला होता. जनकाबाई भगदाडासमोर उभी राहिली. हातातली कामटी तिनं त्यात धरून पाहिली. उंची बरोबर. मग आडवी धरली. रुंदी बरोबर. तिनं कामटी पुन्हा एकदा उभी धरली, जणू ती सासऱ्याला काही विचारत होती.

"गनीभाई, उठा."

"कुठं?"

"दुकानात. दार आणाले."

गनीभाईला आधी कळलं नाही. कळलं तेव्हा तो जागचा हललाच नाही. "वहिनी, ते दार भाऊचं हाय. त्याच्या हातचं. लोक येतात ते ढकलून पाहाले येतात. ते गेलं तर दुकानात काय राह्यलं?"

"आपून राह्यलो ना."

"अन् संध्याकाळी तुमचे दीर येतीन कुलूप घेऊन, तेव्हा?"

"तेव्हाचं तेव्हा. माणसाच्या घराले दार नाई अन् दुकानाच्या दाराले मी हात लावू नको? ते असते तर त्यायनं काय केलं असतं?"

गनीभाई उठला आणि त्यानं पहार उचलली.

दुकानाची चौकट काढताना तिनं त्याला एकट्याला हात लावू दिला नाही. फळ्या तिनं उतरवल्या. बिजागऱ्यांचं तेल तिच्या बोटांना लागलं. गेल्या पावसाळ्याआधी रंगरावानं घातलेलं. ते तिनं पुसलं नाही. चौकट दगडांवरून उचलली तेव्हा खालचे पाय कोरडे, ठणठणीत होते. गनीभाईनं त्यांवर बोटाचं पेर वाजवलं. "पाहा वहिनी, घंटा वाजते."

बैलगाडी मागवायला वेळ नव्हता. ओट्यावर बसून हसणाऱ्यांतले दोघे स्वतःच उठून आले. तिकिटाची गोष्ट करणाऱ्यानं चौकटीचा पुढचा पाय खांद्यावर घेतला. भर दुपारी गावानं ते पाहिलं: सुताराच्या दुकानाचं दार रस्त्यानं चाललं होतं, आणि पुढे पदर खोचून, हातात कामटी घेतलेली जनकाबाई.

मग काम सुरू झालं. खड्डा खोल केला, ओली माती उपसून टाकली, मुरूम भरला, घडवलेले दगड बसवले. चौकट उभी केली. गनीभाईनं ओळंबा, म्हणजे वजन बांधलेली दोरी, वरून सोडला, जनकाबाईनं दोरीकडे डोळा लावला. "जरा अलीकडे. अजून. थांबा." एकदा चौकट बसली आणि तिला ती पटली नाही. पुन्हा काढायला लावली.

"वहिनी, केसभर फरक हाय," गनीभाई काकुळतीला आला. "सूर्य पाहा कुठं गेला."

"आज केसभर हाय. पुढच्या झडीत बोटभर होईन. काढा."

दगडाखाली चिमटीभर मुरूम सरकवला आणि चौकट पुन्हा उभी केली. आता दोरी हलेना. बाजूंनी माती भरली, ठोकली. बिजागऱ्या जुळाव्यात म्हणून दुकानाच्याच फळ्या चढवल्या. वर बोटभर फट राहिली, आणि तिच्यातून सांजेचं तांबूस ऊन आत आलं.

अर्जुनराव त्या फटीकडे बघत उभे राहिले. जनकाबाई त्यांच्याकडे बघत होती. वैशाखात तिनं मान हलवली होती. आज ती हलवणार नव्हती.

"ही फट राहीन," ती म्हणाली. "उन्हाळ्यात पाल येते वाटलं तर चिंधीची वळी भरा. मृग लागला की काढून टाका. पट्टी मी ठोकू देणार नाई. कोणालेच."

अर्जुनरावांनी करंगळी पुढे केली आणि फळीला लावली. दार उघडलं.

गीताबाई आत वाटच पाहत होत्या. त्यांनी उंबऱ्यावर हळद-कुंकू वाहिलं आणि लगबगीनं पावलं काढायला बसल्या. सुना महालक्ष्म्यांचे मुखवटे घेऊन बाहेर उभ्या राहिल्या.

"महालक्ष्मी आली, कोणाच्या पावलानं आली?" आतून गीताबाईंनी विचारलं.

"सोन्याच्या पावलानं आली," सुना म्हणाल्या, आणि उंबरा ओलांडून आत आल्या. त्यानंतरच देवघरात दिवा लागला.

जनकाबाई प्रसादाला थांबली नाही. तिला ठाऊक होतं, दुकानापाशी कोणीतरी उभं असणार. गनीभाई मागून लंगडत आला. तो थकला की लंगडायचा.

उकंडराव खरंच उभा होता. हातात मोठं लोखंडी कुलूप. सारा दिवस तो शेतावर होता, गावातली बातमी त्याला आज पहिल्यांदाच उशिरा कळणार होती. दुकानासमोर उभा राहून तो एकदा कुलपाकडे आणि एकदा समोरच्या मोकळ्या भगदाडाकडे पाहत होता. आतला रंधा, करवती, भिंतीवरच्या कामट्या, सगळं रस्त्यावरून दिसत होतं.

"गनी," तो म्हणाला, "दार कुठं गेलं?"

गनीभाईनं तोंड उघडलं, पण जनकाबाईनं हात वर करून त्याला थांबवलं. पदर तिनं डोक्यावर घेतला, नीट घेतला. आणि लग्न होऊन त्या घरी आल्यापासून पहिल्यांदा ती थोरल्या दिराच्या तोंडाकडे पाहून बोलली.

"अर्जुनरावाच्या घरी बसवलं, भाऊजी. महालक्ष्म्या आत गेल्या. दिवेलागणीआधी."

उकंडराव दचकला. त्यानं सवयीनं भिंतीकडे पाहायला मान वळवली, पण समोर भिंत नव्हती, दार गेलेली मोकळी वाट होती. "गनी, तिले..." तो म्हणाला, आणि थांबला. पलीकडच्या आळीतून आरतीची घंटा ऐकू येऊ लागली.

"रंगाचं दार देऊन टाकलं?" शेवटी त्यानं तिलाच विचारलं. आवाजातला रुबाब कुठे गेला ते त्यालाही कळलं नाही.

"देऊन नाई टाकलं. बसवलं. त्यायनं दारं बसवालेच केली होती. इथं नवं दार चार दिवसांत उभं करतो. तोवर मी अन् गनीभाई आळीपाळीनं राखण बसू."

उकंडरावानं कुलूप एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. शब्द दिला होता, आणि साक्षीदाराच्या दारातूनच लक्ष्मी आत गेली होती.

"गिरणीले दुसरी जागा पाहीन मी," तो पुटपुटला. मग भगदाडाकडे हात करून म्हणाला, "पण आजच्या रात्री? हे असं उघडं?"

"भिंत सरळ हाय का ते आजच पाहून ठेवतो. सकाळी लाकूड चिराले घेऊ." जनकाबाईनं कमरेची दोरी सोडली आणि इकडेतिकडे पाहिलं. "गनीभाई, ओळंबा?"

"तिथंच राह्यला, वहिनी. गीतामामीच्या देवळीत."

"असू द्या." तिनं उकंडरावापुढे हात केला. "भाऊजी, ते कुलूप द्या जरा. वजनदार हाय."

उकंडरावानं कुलूप दिलं. तिनं दोरीचं टोक त्याच्या कडीला बांधलं, गाठ ओढून पाहिली, आणि वरच्या तुळईच्या खिळ्याला दोरी अडकवून कुलूप खाली सोडलं. ते एकदा इकडे झुललं, एकदा तिकडे. मग हळूहळू स्थिर झालं.

"आतला कंदील आणून धरा, भाऊजी," जनकाबाई म्हणाली, आणि एक डोळा मिटून तिनं दोरी पाहिली.